कराताईची सराई आणि अनोळखी अतिथी

(महाजनांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या सभामंडपात व्याख्यानासाठी उभा राहिलेला माणूस बहुधा श्रींचे माहात्म्य सांगतो, नाहीतर कुळांचा इतिहास सांगतो. आज मी आपणांस या आवारापासून फार दूर, तुर्कस्तानातील एका ओसाड माळावर घेऊन जाणार आहे. तेथे सुमारे पावणेआठशे वर्षांपूर्वी बांधलेली एक सराई आजही उभी आहे. तिचे नाव कराताई हान. ‘हान’ म्हणजे सराई, वाटसरूंच्या मुक्कामाची जागा. तुर्कांच्या सराईशी आपल्या देवस्थानाचा काय संबंध, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर ओघात येईलच. प्रथम त्या सराईची हकीकत ऐकावी, अशी माझी विनंती आहे.

आपण बोलण्याच्या ओघात ‘मजल दरमजल करीत’ असे म्हणतो. ही ‘मजल’ मूळ अरबी ‘मंझिल’. तांड्याने एका दिवसात चालून जावयाची वाट आणि त्या वाटेच्या शेवटी उतरावयाचे ठिकाण, असे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात आहेत. ‘मुक्काम’ हा शब्दही त्याच बाजूने आलेला. घाटावरून धान्य घेऊन उतरणारे आणि कोकणचे मीठ घेऊन परत चढणारे लमाणांचे तांडे आपल्या पूर्वजांनी पाहिलेले आहेत. तिकडे बैलांऐवजी उंट, घोडे आणि खेचरे असत. ओझे लादलेला उंट दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर चालतो. तेवढ्या अंतरावर रात्रीचा आसरा मिळाला तर व्यापार चालतो, न मिळाला तर माल लुटला जातो आणि माणसे थंडीने मरतात. सराई नावाच्या संस्थेचे सारे गणित या एका अंतरात साठवलेले आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत अनातोलिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा आशियाई भाग, बहुतांशी सेल्जुक सुलतानांच्या ताब्यात होता. त्यांची राजधानी कोन्या. 1207 साली त्यांनी भूमध्य समुद्रावरील अंताल्या बंदर घेतले आणि 1214 साली काळ्या समुद्रावरील सिनोप घेतले. अंताल्याच्या मोहिमेचे कारण त्या काळच्या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे. त्या बंदरात लुटले गेलेले व्यापारी सुलतानाकडे फिर्याद घेऊन आले होते. व्यापाऱ्याचे गाऱ्हाणे हे राज्याचे गाऱ्हाणे मानणारी ही राजवट होती. दोन्ही समुद्र हाती आल्यावर इराणातून येणारी वाट, सीरियातून येणारी वाट आणि बंदरांकडे जाणाऱ्या वाटा सेल्जुकांच्या मुलखात एकमेकींना मिळू लागल्या, आणि त्या वाटांवर मजलेमजलेला दगडी सराया उठू लागल्या. अक्सरायजवळची 1229 सालची सुलतान हान ही त्यांतली सर्वांत भव्य. तथापि आपल्या दृष्टीने अधिक मोलाची आहे ती कराताईची, कारण तिची इमारतही उरली आहे आणि तिचे दानपत्रही उरले आहे.

ही सराई कायसेरी शहराच्या पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, सीरिया व मालात्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर आहे. हे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंच. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते. म्हणून सराईचे दोन भाग केलेले आहेत. पुढे मोकळे अंगण, त्याच्या बाजूंना कमानींच्या ओवऱ्या व खोल्या. मागे जाड भिंतींचा, छपराचा प्रचंड दालनभाग, दगडी खांबांच्या रांगांवर तोललेला, मध्यभागी घुमट. उन्हाळ्यात अंगण आणि हिवाळ्यात दालन, असा हा हिशेब. आत मशीद आहे, स्नानगृह आहे. बाहेरून पाहिले तर ती किल्ल्यासारखी दिसते. भिंतींना बुरुजांसारखे आधार आहेत आणि आत शिरण्यास दरवाजा एकच. त्या दरवाजावर मात्र कारागिरांनी जीव ओतून कोरीवकाम केले आहे. थकलेला वाटसरू दुरून प्रथम जे पाहतो ते सुंदर असावे, एवढी रसिकता त्या दगडांत आहे.

मागील दालनाच्या दारावर सुलतान अलाउद्दीन कैकुबाद याचे नाव कोरलेले आहे. त्याची कारकीर्द 1220 ते 1237. बाहेरच्या दरवाजावर त्याचा पुत्र गियासुद्दीन कैखुसरो याचे नाव आणि हिजरी 638, म्हणजे 1240-41, हे वर्ष आहे. ज्याने ही सराई बांधली, त्या जलालुद्दीन कराताईचे नाव मात्र या लेखांत नाही. ते आपणांस कळते दानपत्रावरून. महाजनांनी या गोष्टीवर क्षणभर थांबून विचार करावा. दगडावर राजाचे नाव, कागदावर दात्याचे.

हा कराताई कोण? तो मूळचा ग्रीक घराण्यातला, सुलतानाच्या पदरी आलेला गुलाम. कोन्याच्या शिलालेखात त्याचा उल्लेख ‘अब्दुल्लाचा पुत्र’ असा येतो. धर्मांतर केलेल्या, पित्याचे नाव मागे राहिलेल्या माणसाची ओळख त्या काळी अशीच लिहीत. अब्दुल्ला म्हणजे ईश्वराचा दास. त्या दरबारात गुलामांना शिक्षण देऊन मोठ्या अधिकारपदांवर चढवीत, आणि कराताई चढत चढत राज्याच्या प्रमुख कारभाऱ्यांपैकी एक झाला. पुढे तीन अल्पवयीन भावांच्या नावे राज्य चालले तेव्हा ते सावरून धरणारा मुख्य पुरुष तोच होता. 1251 साली कोन्यात त्याने बांधलेली पाठशाळा निळ्या-काळ्या चकचकीत फरशांच्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. 1254 साली त्याचा अंत झाला.

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. सराईचा बाहेरचा दरवाजा 1240-41 साली पुरा झाला. त्यानंतर दोन-अडीच वर्षांतच, 1243 साली, कोसे दाग येथे मंगोलांनी सेल्जुकांच्या फौजेचा धुव्वा उडवला. सुलतान पळाला. मंगोलांनी कायसेरी शहर लुटले. ही लूट सराईपासून दोन मजलांच्या आत झाली, हे ध्यानात घ्यावे. सेल्जुकांचे राज्य यापुढे मंगोलांना खंडणी भरणारे मांडलिक झाले. तिजोरीचा भरवसा संपला. गादीवर उद्या कोण असेल, हे कोणासही सांगता येईना.

आणि अशा वेळी, 1247 साली, कराताईने आपल्या सराईचे दानपत्र लिहिले. मुसलमानी धर्मशास्त्रात अशा दानास वक्फ म्हणतात. एकदा दिलेली मिळकत पुन्हा विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही, तिचे उत्पन्न ठरविलेल्या कामासच लावावे लागते. सराई दगडांची होती, ती बांधून झालीच होती. प्रश्न होता तिच्यातील चूल पेटती कशी राहणार याचा. सुलतानाच्या मर्जीवर ती सोडली तर सुलतानाबरोबर विझणार. म्हणून कराताईने गावांचे उत्पन्न सराईस जोडून दिले, आणि ते उत्पन्न कशावर, कोणावर व कोणाच्या देखरेखीखाली खर्च व्हावे, हे बारकाईने लिहून ठेवले.

त्या दानपत्रात काय आहे? सराईत उतरणाऱ्या प्रत्येकास भाकरी, शिजवलेले मांस आणि वाडगाभर कालवण द्यावे. शुक्रवारच्या रात्री मधाचा हलवा करून वाटावा. आजारी पडलेल्याची शुश्रूषा करावी. ज्याच्या पायांत पादत्राण नाही त्यास ते द्यावे. जनावरांना नाल मारण्याची सोय असावी. स्वयंपाकघरातील तांब्याच्या व लाकडी भांड्यांचीसुद्धा तरतूद आहे. नोकरवर्ग ठरवून दिला आहे. देखरेख करणारा नाझिर, हिशेब पाहणारा मुश्रीफ, पाहुण्यांची सरबराई करणारा, आचारी, इमाम असे ते लोक, आणि त्यांचे वेतन उत्पन्नातून भागवावयाचे. मुश्रीफ हे आडनाव आपल्या दख्खनच्या मुलखातही आढळते. त्या आडनावामागे हिशेबनीसाची ही जुनी जबाबदारी उभी आहे.

परंतु या साऱ्यापेक्षा मोठे असे एक कलम त्यात आहे. हे अन्न कोणास द्यावे? दानपत्र सांगते की, येणारा मुसलमान असो वा अन्य धर्माचा, पुरुष असो वा स्त्री, स्वतंत्र असो वा गुलाम, सर्वांस सारखेच द्यावे. ज्या माणसाने स्वतः गुलामी पाहिली, स्वतःचे मूळ कूळ व मूळ धर्म ज्याच्या मागे राहिले, त्याने ‘गुलाम’ हा शब्द दानपत्रात लिहवून घेतला तेव्हा त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच करावी. तेराव्या शतकात, युद्धात राज्य बुडत असताना, एका मुसलमान अमीराच्या पैशाने परधर्मी वाटसरू जेवत होता. आणि ती मेहेरबानी नव्हती, तर लेखी हक्क होता. उदार माणसाची मेहेरबानी त्याच्याबरोबर संपते. लिहून ठेवलेला हक्क पुढच्या कारभाऱ्यासही बांधून ठेवतो.

हे सारे कागदावरच राहिले काय? तसे झाले नाही. दानपत्रानंतर तीस वर्षांनी, 1277 साली, ईजिप्तचा सुलतान बैबर्स मंगोलांशी लढत अनातोलियात शिरला. एल्बिस्तानजवळ विजय मिळवून तो कायसेरीकडे निघाला, तेव्हा त्याची वाट या सराईवरूनच जात होती. त्याच्याबरोबर त्याचा चिटणीस इब्न अब्द अल्-झाहिर होता. त्याने सराईच्या बांधकामाचे व आतील सोयींचे वर्णन कौतुकाने लिहून ठेवले आहे. तोपर्यंत कराताईस जाऊन तेवीस वर्षे झाली होती, राज्याची अवस्था अधिकच खालावली होती, आणि तरीही परक्या सैन्याबरोबर आलेल्या परक्या माणसास ती सराई नावाजण्याजोगी वाटली. दात्याच्या पश्चात, राज्याच्या पडत्या काळात, शत्रू-मित्र न पाहता चालू राहिलेली संस्था, यापेक्षा मोठी साक्ष कोणती असू शकते?

सराईच्या रिवाजांविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. ती कराताईच्या सराईची नाही. त्यानंतर चारशे वर्षांनी, ऑटोमन अमदानीत, ल्युलेबुर्गाझ येथील सोकोल्लू मेहमद पाशाच्या सराईची आहे. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने ती लिहून ठेवली आहे. रात्री नगारा वाजला की दरवाजा बंद होई. त्यानंतर उशिरा कोणी आलाच तर त्यास आत घेऊन जेवू घालीत. पण आतल्या माणसास मात्र काही झाले तरी रात्री बाहेर सोडीत नसत. सकाळी दाराशी उभे राहून रखवालदार विचारी, की सर्वांचा माल, जनावरे, चीजवस्तू जागेवर आहे ना? सर्वांनी होकार देऊन दात्यास दुवा दिल्यावरच दार उघडे. बाहेरून येणाऱ्यास दार रात्रीही उघडावयाचे; आतून जाणाऱ्याची झडती नाही, पण सर्वांच्या खातरजमेनंतरच त्याची सुटका. भोळेपणा न करता आतिथ्य कसे करावे, याचा इतका सुटसुटीत नियम मला अन्यत्र आढळलेला नाही.

पुढे काय झाले? व्यापाराने समुद्रमार्ग धरला, राजधान्या बदलल्या, नंतर रेल्वे व मोटाररस्ते आले. उंटांचे तांडे थांबले. दानपत्र कितीही पक्के असले तरी ज्या वाटेने वाटसरू येईनासा होतो, त्या वाटेवरील चूल विझते. आज कराताईची सराई पाहण्यास जाणारे लोक छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. तेथे कोणी जेवत नाही. भिंती आठशे वर्षे टिकण्याच्या बेतात आहेत, सराई मात्र केव्हाच संपली. इमारत आणि संस्था या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे त्या माळावर उभे राहिल्याशिवायही समजून घेता येते.

महाजन बंधूंनो, आता आपल्याकडे वळतो.

आतिथ्याची कायम तरतूद करण्याची रीत आपल्या गोमंतकास नवी नाही. अकराव्या शतकात कदंब राजा पहिला जयकेशी याच्या कारकिर्दीत अरबी वंशाचा छड्डम नावाचा अधिकारी गोव्यात होता. त्याच्या आजोबाने पूर्वी कदंब राजास सोमनाथच्या यात्रेत, जहाजाची डोलकाठी मोडली असता, संकटातून वाचविले होते. त्या छड्डमाने दीनांना व यात्रेकरूंना अन्न मिळावे म्हणून संस्था काढली आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या नौकांवर पट्टी बसविली गेली, असे ताम्रपटावरून कळते. सोमनाथास निघालेला हिंदू राजा, त्यास तारणारा अरब, आणि त्या अरबाच्या नातवाने यात्रेकरूंसाठी घातलेले अन्न. कराताईच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षे आपल्या बंदरावर हे घडत होते. पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली, ती दौलतीच्या तिजोरीतून नव्हे तर आपल्या खासगीच्या उत्पन्नातून. खर्चाचे मूळ निराळे ठेवावे, म्हणजे राज्याच्या ओढाताणीत ते सापडत नाही, ही जाण तीच.

आणि आपली अग्रशाळा? ती का बांधली गेली, याची आठवण जुन्या पिढीस आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे साष्टी, तिसवाडी, बारदेशातील देव नद्या ओलांडून अंत्रुज महालात आणि इतरत्र आले. तो मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशहाच्या अमलाखाली होता. आपला देवही एके काळी वाटसरू झाला होता, आणि त्यास उतरण्यास जागा परधर्मी राजाच्या भूमीवर मिळाली, हे सत्य आपण कधी विसरू नये. देव एकीकडे आणि कुळावी कारवारपासून मंगळूर-कोचीपर्यंत पांगलेले, अशी स्थिती झाली. मग जत्रेस, लग्नमुंजीनंतरच्या दर्शनास, नवस फेडण्यास ही माणसे होड्यांतून, बैलगाड्यांतून, पायी येत. त्यांनी रात्री पाठ टेकावी कोठे? म्हणून देवळाभोवती अग्रशाळा उभ्या राहिल्या. त्या आपल्या सराया होत. तांड्याऐवजी कुटुंबे, आणि मालाऐवजी ओटीचे सामान, एवढाच फरक.

आज ती वाट बदललेली आहे. महाजन सकाळी मोटारीने येतात, अभिषेक करतात, प्रसाद घेऊन संध्याकाळी परत जातात. जत्रेचे चार दिवस सोडले तर अनेक अग्रशाळांच्या खोल्यांना कुलपे असतात, नाहीतर त्या भाड्याने दिलेल्या असतात. जमिनींचे खंड पूर्वीसारखे येत नाहीत, दुरुस्तीचा खर्च वाढतो, आणि समितीने भाड्याचा विचार केला तर तिला दोष देता येणार नाही. परंतु कराताईच्या माळावरील भिंती आपणांस एक प्रश्न विचारतात, तो टाळता येण्याजोगा नाही. आपण इमारत राखीत आहोत की अग्रशाळा राखीत आहोत?

वाट बदलली म्हणून वाटसरू संपला असे नाही. मोठ्या इस्पितळात आणलेल्या रुग्णाचा नातेवाईक व्हरांड्यात रात्र काढतो, तो आजचा वाटसरू आहे. परीक्षेसाठी, नोकरीच्या मुलाखतीसाठी परगावाहून आलेला गरिबाचा मुलगा हा वाटसरू आहे. पायी चाललेला, कोणाची चिठ्ठी न आणलेला यात्रेकरू हा वाटसरू आहे. त्याचे आडनाव आपल्या यादीत नसेल. कराताईच्या दानपत्राचे सारे वैशिष्ट्य हेच, की त्यात यादी नव्हती.

म्हणून माझी आपल्यापुढे एक साधी सूचना आहे. प्रत्येक अग्रशाळेत दोन-तीन खोल्या अनोळखी अतिथीसाठी राखून ठेवाव्यात. त्यांच्या झाडलोटीचा, पाण्याचा, एका वेळच्या साध्या जेवणाचा खर्च भागेल एवढी एखादी ठेव वा एखाद्या दुकानाचे भाडे त्याच कामास कायमचे लावून द्यावे, आणि त्याचा हिशेब वार्षिक सभेपुढे निराळा मांडावा. ओळखपत्र पाहावे, नोंदवही ठेवावी, सकाळी खोली तपासून घ्यावी. ल्युलेबुर्गाझचा रखवालदार तेवढे करीतच असे. पण ‘आपण कोणाचे?’ हा प्रश्न त्या दोन-तीन खोल्यांपुरता विचारू नये. आणि हे सारे ठरावाच्या रूपाने लिहून ठेवावे, कारण आजची समिती उदार आहे म्हणून उद्याची असेलच असे नाही. 1933 सालच्या महाजनी नियमांच्या चौकटीत आपल्या वडिलांनी देवस्थानांचा कारभार काटेकोरपणे लिहून ठेवला. त्यात हे आणखी एक कलम घालण्यास फार शाई लागणार नाही.

पैशाची अडचण कोणी पुढे करील, आणि ती खरीही आहे. त्यास माझे उत्तर इतकेच, की कराताईने आपले दानपत्र सुबत्तेच्या वर्षी लिहिले नाही. पराभवानंतर चार वर्षांनी, लुटल्या गेलेल्या शहराजवळच्या सराईसाठी त्याने ते लिहिले. दिवस बरे येतील तेव्हा चूल पेटवू, असे म्हणत तो थांबला असता, तर 1277 साली त्या वाटेने आलेल्या माणसास केवळ थंड दगड दिसले असते.

 श्रींच्या दारी येणारा कोणीही वाटसरू उपाशी व उघड्यावर राहू नये, अशी बुद्धी व तसे सामर्थ्य आपणां सर्वांस लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.